शिळं रगात

बसा की सायब, त्या स्टुलावर बसा — पाय हालतोय त्येचा, जरा भिंतीला टेकवा. व्हय, मीच बन्सी, ह्या कॉलेजच्या प्रयोगशाळेचा शिपाई, अकरा वर्षं झाली. शामकांत सर घरी गेले का? गेलेच असतील. भरल्या हॉलमदी, तुमच्यावानी विद्यापीठाची मानसं म्होरं बसल्याली, अन् बेडकाचं काळीज आपल्याच चालीनं चालत ऱ्हायलं — सरांनी तीनदा त्येच्यावर शेळीच्या शिळ्या रगाताचं थेंब सोडलं, ढिम्म फरक न्हाई. घामाघूम झाले. मी दारातनं बघत हुतो. लई बरं वाटलं.

का म्हन्ता? सांगतो. ते शेळीचं रगात खाटकाकडनं कोनी आनायचं? मी. अन् बेडूक? ह्या दुष्काळात नगरात डबकं ऱ्हायलं न्हाई, तर पुणतांब्याला जाऊन गोदावरीच्या डोहातनं धरायचं, ओल्या फडक्यात गुंडाळून एष्टीनं आनायचं. काळजाला आकडा, आकड्याला दोरा, दोऱ्याला काडी, अन् काडी काजळी धरल्याल्या कागदावर रेघा वढती — समदं माझ्या हातचं. एकदा काय झालं, रगात बर्फात ठेवायचं इसारलो. दोन दिस तसंच पडलं. टाकायच्या आधी म्हन्लं बघावं तरी — वरचं पिवळं पानी चार थेंब काळजावर सोडलं, तर काडी अशी नाचाया लागली! चाळीस ठोक्यांचं साठ झालं. मीच पळत जाऊन सरांना बलावलं. त्येंनीच मग उलगडून सांगितलं — रगातातलं प्रथिन मोडतं, त्येचं बारीक तुकडं हुत्यात. तुकडा काळजाच्या पेशीत शिरत न्हाई, भाईरनंच कडी वाजवतो, अन् आतला निरोप्या धावत जाऊन सांगतो, चल, पाय उचल. झ्याक सांगितलं, खोटं कशाला बोलू?

पन छापलं काय? "साठवलेल्या रक्ताने हृदयाची गती वाढते असे आढळून आले." आढळून आलं! कुनाला? मी इचारलं — सर, खाली कुठं बारीक अक्षरात माझं नाव... तर पोरापोरींच्या म्होरं हसले. "बन्सी, मग बेडकांचीही नावं छापू का?" समदा वर्ग हसला. वरीस झालं, पोरं मला बेडूक म्हन्त्यात.

म्हनून आज — काय न्हाई, बाटली हो. शिळ्याच्या जागी सकाळचं ताजं ठेवलं. ताज्यात तुकडं कुठनं येनार? — न्हाई न्हाई, लिवू नका! ते पेन खिशात घाला आधी.

प्रयोग खरा हाय का? आवो, शंभर टक्के खरा! ही काय खरी बाटली, माझ्या कपाटात. बेडूकबी हाय. आत्ता लावतो, तुमच्या डोळ्यांनी बघा, अशी उडी मारंल काडी...

मंजी मग तुमी लिवनार, शामकांत सरांचा शोध बरोबर. सरांचा. अन् माझं नाव? लिवाल का, सायब? बन्सी, मिरजगावचा, येवढंच? — खाली काय बघताय? वर बघून सांगा.

बरं.

आता वास येईल जरा. मोरीत वतली समदी. दुसरी न्हाई. उठा, निघा आता — मला भांडी घासायचीत.