नानासोचा पावा

विश्रामबागच्या दवाखान्यात, आयसीयूबाहेर, माझ्या शेजारच्या बाकावर एक बाई आणि तिचा दीर बसले होते.

“बिरदेव भावजी, म्हसवडच्या जत्रंत तुमी ह्यांच्या शेजारीच ढोल वाजवत हुता न्हवं? हे पडल्यालं दिसलं न्हाई?”

“आवं वैनी, पावा वाजतच हुता की!”

“मानूस पडल्यावर पावा कसा वाजल?”

“तुमच्या पोरानं, रविराजनं, तो इलेक्ट्रिकचा पावा आनला, त्याला एक पेटी हाय. एकदा फुकलं की पेटी तेच परत परत वाजवती. दादाला दम लागाय नको म्हनून.”

“पर हे खाली वाकल्यालं तर दिसलं आसंल?”

“दिसलं. पेटीचं बटन पायानं दाबायचं आसतंय. वाद्याला पाय कसा लावायचा, म्हनून दादा कवाबी वाकून, पाया पडून हातानंच दाबायचा. मला वाटलं, त्यासाठीच वाकलाय.”

“आन् मग?”

“मी ढोल वाजवतच ऱ्हायलो. दादा उठंनाच, तवा कळलं. दादाला गाडीत घातला, तवाबी मागं त्येचा पावा वाजतच हुता.”

त्यानं आयसीयूच्या दाराकडे पाहिलं.

“वैनी, डॉक्टर काय म्हनलं?”

“मशीनवरच श्वास चाललाय म्हनत्यात. बंद करायचं का, ते मला इचारत्यात.”