मायचा धुण्याचा दगड

आष्टीच्या स्टँडवर वर्ध्याची गाडी अजून लागली नव्हती. विमलाबाईंच्या मागच्या बाकावर एक भाऊ-बहीण बोलत होते. विमलाबाईंनी वळून पाहिलं नाही, पण कान तिकडेच लागले होते.

"थो दगडवाला साहेब पुन्हा आल्ता, ताई."

"काऊन? मागच्या साली नेले नं त्यानं दगड?"

"नेले. डबीतला काटा पाहून पयले दगडावर उत्तरेचा बाण काढे, मंगच कापे. म्हणे, जमिनीतून आलेला तापलेला रस थिजून दगड झाला, तवाची उत्तर त्याच्यात तशीच राह्यते. त्यावरून कळते का आपली जमीन लय दक्षिणेकडून सरकत आली."

"मंग आता काय झालं?"

"सगळे दगड एकच दिशा सांगतेत. आपल्या आंगनातला एकटा भलतीकडं."

"मायचा धुन्याचा दगड दाखवला तू त्याले?"

"अर्धा जमिनीत रोवलेला पाहून त्याले वाटलं, इथलाच हाय. मीबी बोललो नाई. या खेपी सांगतलं, धरनात गाव गेलं तवा बैलबंडीत घालून आनला."

"मंग?"

"म्हणे, जुन्या घरी त्याचा उतार कोन्या बाजूले होता, थे सांगा. मले आठवे ना. तुले?"



"मलेबी नाई. मायले इचारा लागत होतं."

"इचारलं. म्हणे, दगड बरोबर हाय, घरच फिरलं."

"अजून तसंच करते?"

"रोज सकाळी उठून, जुन्या घरी जिकडं दार होतं तिकडच्या भिंतीपाशी उभी राह्यते. म्हणते, दार उघड."