उशिराचं कारण

जाम गावच्या थांब्यावर हिंगणघाटच्या बसची वाट पाहत दोघं बोलत होती. रुपेश सरकारी प्रशिक्षण केंद्रातला बाबू, साहेबांसोबत दिल्लीला जाऊन आलेला. काजल त्याच केंद्रात शिवण शिकलेली.

“संसदेच्या समितीनं काय इचारलं, भाऊ?”

“वार्षिक अहवाल उशिरा काऊन मांडला, एवढंच.”

“मंग?”

“साहेबानं सांगतलं, हिंदी भाषांतर रखडलं होतं. समितीले पटलं.”

“त्यात माहा फोटो हाये म्हने?”

“पयल्याच पानावर. खाली लिवलं हाये, नोकरीले लागली.”

“मी तं रोज लोकाच्या वावरात निंदाले जाऊन राह्यली! कोनीच नाई इचारलं, ही पोरगी कुठं कामाले हाये?”

“नाई. पुढचा अहवाल टाइमावर पाठवा म्हनलं. म्हनून सोमवारी केंद्रात येजो, फोटो काढाचा हाये. साडी तेवढी दुसरी नेसजो.”