हाताशी ठेवलेलं बटण

रघूत्तम: ...म्हणून म्हणतो वर्षिणी, तू चार दिवस बेंगळूरला होतीस ते बरंच झालं. आई आता अगदी शांत आहे.

वर्षिणी: शांत म्हणजे कशी, अण्णा?

रघूत्तम: दिव्याचं बटण दाबत नाही. पक्षाघातानंतर तो डावा हात तेवढा चालतो, तर त्या हातानं दिवसभर दिवा लाव, विझव. बोलवते समजून मी धावत जायचो. पाणी नको, कूस बदलायची नाही, काहीच नको. उगीच सुम्ने दाबायची. मला रडू यायचं गं कधीकधी.

वर्षिणी: मग?

रघूत्तम: इलेक्ट्रिशियन वेंकोजीरावांना बोलावून आतली वायर काढवली. बटण ठेवलंय हाताशी, तिला वाईट वाटू नये म्हणून. पहिल्या दिवशी संध्याकाळपर्यंत दाबत होती. दुसऱ्या दिवशी चार-पाचदा. कालपासून हातच लावला नाही.

वर्षिणी: अय्यो, अण्णा.

रघूत्तम: का? काय चुकलं?

वर्षिणी: माझ्या लॅबमध्ये उंदीर अंधाऱ्या पेटीत असतो. आत एक दांडी. ती दाबली की क्षणभर दिवा लागतो. खायला मिळत नाही, पोट आधीच भरलेलं असतं. तरी तो दाबत राहतो. काहीतरी बदललं, आपण दाबलं म्हणून बदललं, एवढंच त्याला पुरतं.

रघूत्तम: आईला उंदीर म्हणतेस?

वर्षिणी: पाच महिने ती छताकडे बघत पडली आहे, एवढंच म्हणते.

रघूत्तम: मला वाटलं तिचं डोकं गेलं. डॉक्टर म्हणालेच होते, तसं होतं म्हणून... तुम्ही दिवा बंद केलात तर ते उंदीर काय करतात?

वर्षिणी: आधी खूप दाबतात. मग कमी कमी. मग कोपऱ्यात बसून राहतात.

(रघूत्तम आईच्या खोलीकडे बघतो.)

रघूत्तम: वेंकोजीरावांना आत्ता फोन लावतो.

वर्षिणी: नको, मीच जोडते. स्क्रूड्रायव्हर कुठे आहे?

रघूत्तम: जोडल्यावर उंदीर पुन्हा दाबतात ना, अल्वा?

वर्षिणी: दाबतात. दिवा कुणी काढून घेतला, ते त्यांना ठाऊक नसतं. वायर काढली तेव्हा आई झोपली होती ना?

रघूत्तम: जागी होती. माझ्याकडेच बघत होती.