समोरच्या फ्लॅटची चावी

— लागली ना चावी बरोबर? लागनारच, तुमचंच घर हाय. मग उभे का? बसा. त्या सोफ्यावर नको — तो आमचा हाय, सकाळीच ओढत आनला, एक पाय लिफ्टच्या दारात मोडला — खुर्चीवर बसा. पानी देऊ? अहो, मी चोर नाय. चोर येऊन कांदे चिरत बसतो का? मी सगुना, समोरची, बाराशे चार. हे घर विकलं ते हरेशभाई मला बोललेच नायत बघा. दोन वर्षं चावी माझ्याकडे. महिन्यातून एकदा नळ सोडा, म्हनाले, नि गेले दुबईला. मी सोडायची. मग वाटलं, नळ वाहतोय तोवर उभं कशाला राहा — गॅलरीत खुर्ची टाकली. खुर्ची हाय तर चहा. चहा हाय तर — हां, ते बोंबील हायत दोरीवर. वास जाईल दोन दिवसांत. म्हनजे, दोन पावसाळ्यांत. खाली वाळवू देत नायत ना. क्लबहाऊसच्या भिंतीवर मासे रंगवलेत, पोहायच्या तलावात लाटा करायचं मशीन हाय — ते लावलं की बी विंगची लाइट जाते, म्हनून वॉचमन आदल्या दिवशी लाटांची नोटीस लावतो — पन खरा मासा दिसला की लगेच मिटिंग.

आमच्याकडून दिसतो का समुद्र? दिसतो की. कमोडवर चढलं की, वरच्या खिडकीतून. ओहोटी नसली तर. खरं सांगू, ही सगळी जागा आमच्या सासऱ्यांचं मिठागर. बदल्यात बिल्डरनं घर दिलं, तोंड ट्रान्सफॉर्मरकडे. आमचे हे — नामदेव — जन्मभर खाडीचं पानी बघून उठलेला मानूस, आता ट्रान्सफॉर्मर बघून उठतो. म्हनून संध्याकाळी त्यांना इथे आनून बसवते. म्हनजे, बसवायची.

आज? आज कुठे काय. पोहे. एवढे? — बरं, सांगते, तोंडावरून तुमी सज्जन वाटता. चारला पाहुने येतायत. आमच्या तेजसला मनस्वी पसंत, मनस्वीला तेजस. तिचे वडील भैरूकाका, साताऱ्याकडचे, वाशीच्या मार्केटात पाठीवर पोती वाहून मुलीला शिकवलं. बिचाऱ्यांची एक अट नव्हती. मीच शहानी — ह्या गॅलरीतला फोटो पाठवला, पुढे तेजस, मागे भरतीचं पानी. त्यांनी अख्ख्या गावाला दाखवला, माझी लेक समुद्रावर नांदनार म्हनून. आज गावचे सात जन येतायत. मुलगा बघायला नाय हो, मुलगा बघून झाला. समुद्र बघायला.

खोटं? कोन खोटं बोललं? हे घर आमचं, असं मी एका शब्दानं म्हनाले नाय. फक्त दारावरची पाटी बदलली — तुमी येताना वाचली असेल. चार स्क्रू, लगेच निघतात. आनि खरं सांगनार ना. लग्न होऊ दे, पहिल्या गनपतीला सांगते. आता सांगितलं तर भैरूकाका गावात तोंड कसं दाखवतील? नि मोडलं तर? तेजस तर कालपासून जेवला नाय, तिकडे सोफा नाय म्हनून जमिनीवर पडून हाय. तुमाला मुलगा हाय? — दोन? मग तुमाला काय सांगायचं.

थांबा. लिफ्ट वाजली. ऐका, तुमी नामदेवचे चुलतभाऊ, मोरा गावचे. नाव काय तुमचं — विश्वजित? चालेल, मोऱ्यात पन ठेवतात आता. जास्त बोलू नका. नि असं भिंतीबिंतीला हात लावून बघू नका, नवीन घर घेतल्यासारखं. पाहुन्यासारखे बसा. बेल. मी उघडते, माझे हात कांद्याचे — अहो, तुमी कुठे निघालात? पाटीला नका हात लावू, पाया पडते तुमच्या, पाटी —

…काय म्हनाले? "या, या, वहिनी आतच हाय"?

…या हो भैरूकाका, बसा, इथून बघा, भरतीच हाय आता.

भाऊजी, ती खुर्ची त्यांना द्या. तुमी तिकडे, सोफ्यावर. जपून.