चार बोटं आखूड पडदे

सन्माननीय अध्यक्षा, सहाय्य कार्यालयाच्या संचालिका मॅडम. प्रमुख पाहुणे, आमच्या शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक, ज्यांचे केस मी बत्तीस वर्षं कापले, आणि खरं सांगायचं तर त्यातली शेवटची दहा वर्षं नुसतेच शोधले. ज्यांच्या निरोपासाठी आज आपण सगळे इस्त्रीचे कपडे घालून आलो त्या आमच्या निरीक्षक बाई. व्यासपीठावरचे इतर मान्यवर, कार्यालयातली सगळी कर्मचारी मंडळी, आणि समोर बसलेले माझे शेजारी, गिऱ्हाइकं आणि गिऱ्हाइकी सोडून गेलेले मित्रहो, सर्वांना माझा नमस्कार.

मला भाषणाची सवय नाही असं म्हणायची पद्धत आहे. मी ते म्हटलं तर तुम्हीच हसाल. उभा जन्म सलूनमध्ये गेला, तिथे मी भाषणाशिवाय दुसरं केलं काय? फक्त तिथे ऐकणाऱ्याच्या गळ्यावर वस्तरा असायचा, त्यामुळे कुणी मधेच उठून जायचं नाही. आज तुम्ही सगळे मोकळे आहात, म्हणून जरा जपून बोलतो.

पत्रिकेत माझ्यापुढे ‘लाभार्थी प्रतिनिधी’ असं छापलंय. ते वाचून दोघेजण काल दुकानात आले. म्हणाले, “मामा, छापखान्याने घोळ घातला बघा. तुम्ही आणि लाभार्थी?” मी म्हटलं, छापखान्याचं काही चुकलं नाही. गेली तीन वर्षं दर महिन्याला या कार्यालयाची मदत माझ्या घरी येते. बसा, बसा, खुर्च्या वाजवू नका. अजून बरंच बाकी आहे.

मला आज दोन कामं आहेत. एक, बाईंचे आभार मानायचे. आणि दुसरं, एक गोष्ट कबूल करायची. ही गोष्ट या सभागृहात दोघांनाच माहीत आहे, मला आणि बाईंना. बाई उद्या कपाटाची किल्ली कार्यालयात जमा करून घरी जाणार. म्हणजे मी तोंड मिटून बसलो तर विषय कायमचा संपला. परवा दुपारपर्यंत माझा बेतही तोच होता.

आधी बाईंबद्दल बोलतो, ते सोपं आहे. बाईंना आपल्या वसाहतीत कुणी निरीक्षक म्हणत नाही. सगळे म्हणतात स्टूलताई. बाई, तुम्हाला माहीत नसेल तर माफ करा, पण आता निवृत्त होताय, कळायला हरकत नाही. उन्हातान्हात खांद्यावर पिशवी, काखेत ते घडीचं स्टूल, आणि जिन्यात त्यांच्या चपलांचा आवाज आला की चार मजल्यांवर चार प्रकारची धावपळ. कुणी टीव्हीवर चादर टाकतंय, कुणी सायकल शेजाऱ्याच्या दारात उभी करतंय. एकदा तर एका घरातला मिक्सर माझ्या दुकानात, दाढीच्या फेसाच्या भांड्याशेजारी तासभर पाहुणा म्हणून बसला होता. कोणाचं ते सांगत नाही. ते गृहस्थ चौथ्या रांगेत आहेत आणि आता चष्मा पुसताहेत.

बाई कुणाच्याही घरी गेल्या की आपलं स्टूल उघडून त्यावरच बसायच्या. आम्ही म्हणायचो, काय हा तोरा! लोकांच्या खुर्चीचा हिला विटाळ होतो की काय? पुढे एकदा मी विचारलंच. तर म्हणाल्या, “मामा, मी खुर्चीवर बसले की घरातलं म्हातारं माणूस उभं राहतं. मग मला प्रश्न विचारायला नको वाटतं.” आता सांगा, एवढी वर्षं आम्ही त्या स्टुलाला नावं ठेवत होतो.

नावं ठेवायचं आमचं मुख्य कार्यालय म्हणजे माझं दुकान. तुमचं सरकारी कार्यालय दहाला उघडतं, आमचं साडेसातला. कोणाला मदत मिळते, का मिळते, तिला खरंच गरज आहे का, हिचा मुलगा तर बाहेरगावी कमावतो, त्याच्या पायात नवे बूट कुठून आले, सगळं तिथे ठरायचं. बाकावरचे साक्षीदार, आणि मी न्यायाधीश. माझ्या हातात कात्री असल्यामुळे निकाल लगेच लागायचा. ज्याची बाजू मांडायला कुणी नाही, तो तिथे नेहमी दोषी ठरायचा.

अशीच एक सुनावणी आमच्या वरच्या मजल्यावरच्या ताईंची झाली. त्या शिवणकाम करतात. त्यांचे यजमान रंगारी. शिडीवरून पडले, तेव्हापासून अंथरुणाला खिळले. घराला मदत सुरू झाली. आम्हीच बाकावरून हळहळलो होतो, बरं का. पण आमची हळहळ साधारण दोन महिने टिकते.

झालं असं, की माझ्या दुकानाच्या दारातून ताईंची खिडकी दिसते. आणि त्या खिडकीला दर आठवड्याला नवे पडदे! एकदा निळे, एकदा फुलाफुलांचे, एकदा तर जाड, आतून अस्तर लावलेले. मी मोजले. चार महिन्यांत अकरा जोड. माझ्या घराच्या खिडकीला बायकोची जुनी साडी, आणि सरकारी मदतीवर जगणाऱ्या बाईच्या खिडकीला अकरा जोड पडदे? माझं डोकंच फिरलं. बाकावर ठराव झाला, की हे कार्यालयाला कळवलं पाहिजे.

बाकीचे ठराव करून घरी गेले. लिहिलं मी. दुकान बंद करायच्या आधी, आरशाखालच्या फळीवर कागद ठेवून, निनावी. ‘आपण डोळे उघडून पाहाल तर बरे होईल’ असा शेवट केला. तो मला फार आवडला होता.

मित्रहो, ही कबूल करायची गोष्ट. तक्रार मी केली होती.

थांबा. ताई, बसून घ्या. मला माहीत आहे तुम्ही तिसऱ्या रांगेत आहात, आणि तुमच्या शेजारी माझी बायको आहे. तिलाही हे आत्ताच कळतंय. आज मला घरी चहा मिळेल अशी आशा मी सोडलेली आहे. पण पुरतं बोलून होऊ द्या, नाहीतर परत हिंमत व्हायची नाही.

तक्रारीमुळे चौकशी लागली आणि चौकशी होईपर्यंत दोन महिने ताईंची मदत थांबली. त्या दिवसांत एकदा दोन हमाल जिन्यात शिलाई मशीन घेऊन दिसले. मी दुकानातून ओरडलो, “बघा, आता नवीन मशीन येतंय!” बाक हसला. मी तर पुढे जाऊन त्यांना दार धरून ठेवलं. दार धरल्यावर पाहिलं, ते मशीन वर चाललं नव्हतं हो. खाली येत होतं.

मग वर्षभराने माझा उजवा हात थरथरायला लागला. न्हाव्याचा हात. तुमच्यापैकी काहींच्या कानामागे त्या दिवसांतली माझी आठवण अजून असेल. मी सगळ्यांना सांगितलं, की आता मेव्हणा हात चालवेल, मी फक्त देखरेख करणार. देखरेख कसली, डोंबल! चहाचा कप दोन हातांनी धरायचो. डॉक्टरांनी सांगितलं, हे वाढणार. घरात मिळवता हात हाच एक. शेवटी बायकोने माझ्या नकळत अर्ज केला. मी आकाशपाताळ एक केलं. म्हटलं, मी कोण, माझी पत काय, मी मदत घेऊ? ती म्हणाली, “पत उकळून पिऊ का?”

पण तीही माझीच बायको. बाई तपासणीला येणार म्हटल्यावर तिने काय करावं? लोक घरातलं लपवतात. आमच्या मंडळींनी शेजाऱ्यांकडून मागून आणलं! घर कसं नीटनेटकं दिसलं पाहिजे, बाईंना वाटायला नको की आपण भिकारी आहोत. अहो, भिकारी नाही तर अर्ज कशाला केलाय? पण नाही. बशीसकट सहा कप आले, गादीची खुर्ची आली, भिंतीवरचं घड्याळ आलं. आणि खिडकीला पडदे आले. कुणाकडून? वरच्या ताईंकडून.

ताई स्वतः टांगायला आल्या. त्या स्टुलावर चढल्या आणि स्टूल धरायला मी. वरून म्हणतात, “मामा, चार बोटं आखूड आहेत, गिऱ्हाइकाने परत केलेत, पण तुमच्या खिडकीला चालतील. पडदा शिवला की दोन दिवस टांगून ठेवावा लागतो, म्हणजे झोळ उतरतो. मी गिऱ्हाइकांचे सगळे पडदे आधी माझ्याच खिडकीला टांगते.”

अकरा जोड, मित्रहो. एकही त्यांचा नव्हता.

बायकोने सहज विचारलं, तुमचं दुसरं मशीन दिसत नाही हल्ली? ताई म्हणाल्या, “विकलं. मधे मदत थांबली होती, कुणीतरी तक्रार केली होती.” मग दांडी सरळ करत म्हणाल्या, “असेल कुणी. त्यालाही काहीतरी दिसलं असेल.” एक शिवी दिली असती तरी मला बरं वाटलं असतं. माझा हात असा थरथरायला लागला की त्या वरून म्हणाल्या, मामा, स्टूल नीट धरा.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. गादीची खुर्ची पुढे केली, तर त्यांनी आपलं स्टूल उघडलं. बायको चहा करायला आत गेली. बाईंनी खिडकीकडे पाहिलं. पडद्याच्या खालच्या काठाकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. ते पडदे त्यांनी वरच्या मजल्यावर पाहिले होते, चौकशीला गेल्या तेव्हा. मग त्यांनी पिशवीतून फाइल काढली आणि मला म्हणाल्या, “मामा, मागे आमच्याकडे एक निनावी पत्र आलं होतं. पाकीट उघडलं तर आधी टेबलावर केस पडले. बारीक कापलेले. काही काळे, काही पांढरे.”

बाई, त्या क्षणी मी नकळत माझ्या शर्टाची बाही झटकली.

मी विचारलं, “मग आता माझा अर्ज फेटाळणार?” त्यांनी माझ्यासमोर फॉर्म ठेवला, पेन दिलं, आणि सही करायला सांगितली. माझी सही तुम्ही पाहाल तर कोंबडी चालून गेली म्हणाल. बाईंनी ती पाहिली आणि म्हणाल्या, “अर्जात लिहिलंय की हात थरथरतो. मी हात बघायला आले होते. तो थरथरतोय. माणूस कसा आहे, असा रकाना या फॉर्ममध्ये नाही.” स्टूल मिटलं, आणि दारात जाऊन एवढंच म्हणाल्या, “तक्रार करणाऱ्याचं नाव मी कुणाला सांगत नसते. ते काम तुमच्यासाठी ठेवते.”

तीन वर्षं मी ते काम पुढे ढकललं. त्याऐवजी काय केलं? दर रविवारी मेव्हण्याला वर पाठवतो, रंगारीबुवांची दाढी फुकट करून यायला. स्वस्तात सुटायची माझी युक्ती. आणि परवा दुपारी ताई माझ्यासमोर बायकोला म्हणाल्या, “मामांसारखा देवमाणूस शेजारी आहे म्हणून आमचं निभावलं.” हातातला घास मी ताटात परत ठेवला. वाटलं, चोर म्हटलेलं परवडलं, पण हे नाही.

बाई, तुम्ही आयुष्यभर घराघरांत जाऊन पाहिलंत की कुणाला खरंच गरज आहे. आमच्या बाकाने तेच काम बिनपगारी केलं आणि एकदाही कुणाचा जिना चढला नाही. फरक एवढाच. तुमचं ते स्टूल निवृत्तीत काय करणार, मला माहीत नाही. पण कार्यालयात जमा करू नका. माझ्या दुकानात द्या, बाकाच्या जागी ठेवतो. एकट्या माणसाला बसता येतं त्यावर, चार जणांना मिळून ठराव करता येत नाही.

आता वेळ संपत आली, संचालिका मॅडम घड्याळ बघताहेत. ते घड्याळही आमच्या मंडळींनी मागून आणलेलं नाही ना, एवढी खात्री करून घ्या. आयोजकांचे, ध्वनिक्षेपक सांभाळणाऱ्यांचे, आणि हा कागद माझ्या हातात नाचत असताना गंभीर चेहरा ठेवून बसलेल्या तुम्हा सर्वांचे मनापासून आभार. बाई, तुम्हाला निरोगी, निवांत आयुष्य लाभो, आणि कुणाचाही जिना न चढता लाभो.

बोलण्यात काही अधिकउणं झालं असेल तर सभागृहाने पोटात घालावं. बोलण्याआधी जे झालं, ते माफ करायचा अधिकार मात्र सभागृहाला नाही, अध्यक्षांना नाही, बाईंनासुद्धा नाही. तो एकट्या ताईंचा आहे. ताई, मी उत्तराची घाई करत नाही. तुम्ही रीतसर चौकशी करा. न सांगता घरी या, काहीही लपवलेलं नसेल, काही मागून आणलेलंही नसेल. फक्त खिडकीचे पडदे तुमचे आहेत, तीन वर्षं परत द्यायचे राहिलेत. ते काढायला तुम्ही आलात, तर स्टूल मी धरीन. हात थरथरेल, पण सोडणार नाही.