देवीच्या पायात सेफ्टी शूज

...आणि वर मलाच विचारतात, "देवीच्या पायात बूट कुणी घातले?" अहो, कुणी म्हणजे? कंपनीने घातले! सेफ्टी शूज नसतील तर चाकणला लाइनवर उभं तरी करतात का? हे सगळं मला तेव्हाच सुचलं होतं, शब्दन् शब्द, पार ओठांपर्यंत आलं होतं... पण मी काही बोलले नाही. मी बोलतच नाही. तुमच्याशी बोलतेय ते वेगळं, तुम्ही मला ओळखत नाही ना!

तर तुम्हाला सांगते, मी दीपमाला, अकरावीत, मोशीला. आमचं कॉलेज संस्थानचं, म्हणजे गेटमधून शिरलं की आधी देऊळ, मग ऑफिस, मग कुठे तरी वर्ग. नवरात्रात चित्रांचं प्रदर्शन होतं, 'देवीची नऊ रूपं'. नऊ जण निवडले, माझा नंबर सातवा. बाकी आठ जणांनी काय काढलं? सिंहावर बसलेली देवी! आठही जणांनी! वर्गातल्या अपेक्षाच्या सिंहाला तर कोरलेल्या भुवया होत्या, पार्लरमधून आल्यासारख्या... आणि मी काढली माझी आई. आठ हातांची! राखाडी शर्ट-पँट, केसांवर जाळीची टोपी, एका हातात पाना, एकात वायरींचा गुंता, एकात डबा, एकात लाटणं, एकात माझी वेणी, एकात कंपनीच्या बसचा दांडा, एकात सुपरवायझरचा फोन, आणि आठवा हात कंबरेवर, कारण कंबर दुखते. पायात सेफ्टी शूज. काळे, पुढे लोखंड असलेले, आणि डाव्या बुटाची नाडी लाल, कारण काळी तुटली तेव्हा घरात माझ्या जुन्या परकराचीच नाडी सापडली! त्या बुटांवर मी तीन दिवस घालवलेत, टाकान् टाका दिसतो.

आईला मी एवढंच म्हटलं, "माझं चित्र लागणार आहे, येशील?" तिचंच चित्र आहे हे काही बोलले नाही. म्हटलं, समोर उभी राहील आणि बघेल! तर आई म्हणाली, "येते की! हाफ डे टाकते." हाफ डे! अहो, तापातसुद्धा कामावर जाणारी बाई ही!

प्रदर्शनाच्या चार दिवस आधी ट्रस्टी आले, सोपानराव. कॉलेजची जमीन त्यांच्याच वडिलांनी दिलेली, त्यामुळे भिंतीवरच्या पालीलासुद्धा ते "कुणाला इचारून आलीस?" म्हणू शकतात. चित्रासमोर थांबले. बघत राहिले. आमचे चित्रकलेचे रविराज सर घाम पुसायला लागले.

"पाना ऱ्हाऊ दे," सोपानराव म्हणाले, "खंडेनवमीला पुजतोच की आपण. पँटबी ऱ्हाऊ दे, आमची सून घालतीया. पर बूट? देवीच्या पायात? न्हाई न्हाई. पोरी, बूट काढ."

गेले. दुसऱ्या दिवशी परत आले, लांबूनच ओरडले, "पोरी, बूट काढलं का?"

आता सांगा! काढलेच होते की मी! तीन दिवस खपून काढले होते! मी मान हलवली. सोपानराव खूश, ऑफिसात जाऊन प्राचार्य जयमाला मॅडमना म्हणाले, "गुणाची पोर हाय, एका शब्दात ऐकलं." आणि उद्घाटनाच्या सकाळी चित्र भिंतीवर लागलं, तर बूट तिथेच! नाडीसकट!

"काढलं म्हनलीस न्हवं?"

मी परत मान हलवली. खोटं बोलले का मी? मी तर काही बोललेच नाही!

मग जो गोंधळ... मॅडम म्हणाल्या, "चित्र उतरवा." सर म्हणाले, "मॅडम, मग आठच राहतील, बाहेर बोर्डावर नऊ लिहिलंय." सोपानराव म्हणाले, "आठ कसं चालंल? माळ तुटती का मधी? येडं का खुळं?" शेवटी मॅडमनी स्टोअरमधून पिवळं कापड मागवलं. "झाका." झाकलं! वरपासून खालपर्यंत! माझ्या आईला!

आणि मग आल्या गोजाबाई, सोपानरावांची चुलती, वय ऐंशी. आठही सिंहांकडे ढुंकून पाहिलं नाही, सरळ कापडासमोर उभ्या. "ही का गं झाकून ठिवली? कडक असंल." आणि लावलं की कापडाला हळदीकुंकू! मागून त्यांची सून, तिच्यामागून शेजारीण, मग रांगच! अर्ध्या तासात गजरा, उदबत्ती, कुणी तर ओटी भरली! सर हळूच म्हणाले, "मॅडम, सांगू का यांना?" मॅडम म्हणाल्या, "काय सांगणार आता? नारळ फुटला ना!" आणि सोपानराव? ते दारात उभे राहून ओरडतायत, "चपला भायेर! देवी जागृत हाय!"

तेवढ्यात आई आली. कंपनीतून थेट, राखाडी शर्ट-पँट, टोपी खिशात कोंबलेली, डबा हातात.

"ओ ताई! बूट काढा बूट!"

आई बिचारी खाली वाकली. लाल नाडी सोडली. बूट दाराशी नीट जोडीने ठेवले आणि अंगठ्याशी भोक पडलेल्या मोज्यांवर चालत आली, थेट त्या पिवळ्या कापडासमोर. डोळे मिटले. हात जोडले. स्वतःलाच! मी शेजारी उभी, हातात कुंकवाची वाटी. म्हटलं, आता बोलायचंच, आता नाही तर कधी? सगळा जीव एकवटला आणि म्हटलं,

"आई..."

"हां," आई डोळे न उघडता म्हणाली, "आईच म्हणावं लागतंय देवीला. पड पाया."

पडले.

परत जाताना बसमध्ये ती म्हणाली, "आठी चित्रं बघितले गं मी, नावं वाचून बघितले. तुझं लावलं नाही वाटतं." मी खिडकीबाहेर. "नसू दे. त्या झाकलेल्या देवीला नवस बोलले मी. म्हटलं, पुढच्या साली माझ्या पोरीचं चित्र लागू दे, पाच नारळं वाढवीन."

आता तुम्हीच सांगा, नवस कुणी कुणाला बोललं? नवसाला पावायचं की नाही ते आता आईच्याच हातात आहे... आणि हात आठ आहेत म्हणा, पण एक तरी मोकळा आहे का?